फॉल्ट इंजेक्शन: सगळा निर्णय एका 'इफ'वर टांगलेला असेल तर लॉक कितीही भारी असो, उघडणारच

प्रश्न थोडक्यात असा आहे: बॅटरीवर चालणारं स्मार्ट लॉक, आत कॉर्टेक्स-एम४ वर्गातला मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचा छोटा संगणक), सिक्युअर बूट आहे (म्हणजे सुरू होताना सॉफ्टवेअर खरंच कंपनीचं आहे ना हे तपासलं जातं), डिबग पोर्ट (चिपच्या आत डोकावायची जागा) लॉक केलाय, बाहेरच्या फ्लॅश चिपमधलं फर्मवेअर (डिव्हाइसचं सॉफ्टवेअर) डिजिटल सहीने साइन केलेलं आहे, तरी ऑडिट रिपोर्टमध्ये "फॉल्ट इंजेक्शनला बळी पडू शकतं" असं लिहून आलंय, म्हणजे चिपमध्ये बाहेरून मुद्दाम क्षणभर चूक घडवून तपासणी चुकवता येते. आता टीमला कळत नाहीये की चिप बदलायची, बोर्डावर इपॉक्सी ओतायचं, का कोडमध्ये काही करता येईल.

चिप बदलायचा निर्णय शेवटी घ्या, इपॉक्सीवर फार भिस्त ठेवू नका, आणि कोडमध्ये तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा खूप जास्त करता येतं. पण कोड कसा बदलायचा हे कळायला आधी आत काय होतं ते डोळ्यासमोर यायला हवं, नाहीतर मग लोक इंटरनेटवरून चार मॅक्रो उचलतात, सगळीकडे दोनदा 'इफ' लिहितात, कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) ते गुपचूप काढून टाकतो आणि सगळ्यांना वाटतं काम झालं.

तर होतं असं. चिपमधलं लॉजिक एका क्लॉकच्या ठोक्यात हिशोब संपवतं आणि पुढच्या ठोक्याला उत्तर फ्लिप-फ्लॉपमध्ये (एक बिट साठवणाऱ्या सर्किटमध्ये) पकडलं जातं. कोअरचं व्होल्टेज काही दहा-शंभर नॅनोसेकंदांसाठी पाडलं की ट्रान्झिस्टर मंदावतात, उत्तर वेळेत पोचत नाही, आणि जुनीच किंवा अर्धवट व्हॅल्यू पकडली जाते. सॉफ्टवेअरच्या बाजूने बघितलं तर एखादी इन्स्ट्रक्शन जणू झालीच नाही, किंवा मेमरीतून वाचलेली व्हॅल्यू बिघडली, बहुतेक वेळा शून्य झाली, असं दिसतं. हे करायला प्रयोगशाळा लागत नाही. एक मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), तो नेमक्या वेळी चालू-बंद करणारा छोटा बोर्ड, आणि चिपच्या आतल्या रेग्युलेटरचा जो पिन बाहेर कपॅसिटरला जोडलेला असतो त्याला एक वायर. एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरच्या एफ२, एफ४ सारख्या मालिकांत तो व्हीकॅप, नॉर्डिक कंपनीच्या एनआरएफ५२ वर डेक१. कपॅसिटर काढायचा आणि तो पिन क्षणभर ग्राउंडला टेकवायचा, बस. अशा क्षणिक झटक्यालाच ग्लिच म्हणतात. दुसरा मार्ग इलेक्ट्रोमॅग्नेटिक पल्सचा, त्यात चिपवर कॉइल धरायची, वायरही जोडायला नको. तिसरा लेझर, तो महाग आणि चिप उघडावी लागते. हे ऑप्टिकलवालं पण नवीन नाहीये, केंब्रिजमधल्या संशोधकांनी २००२ मध्येच कॅमेऱ्याचा फ्लॅश मायक्रोस्कोपमधून चिपवर मारून मेमरीतले बिट पलटवून दाखवले होते.

आता तुमच्या बूटलोडरकडे (फर्मवेअर तपासून सुरू करणाऱ्या पहिल्या कोडकडे) या, कारण खरी गंमत तिथेच आहे. नव्वद टक्के बूटलोडरमध्ये मी हेच बघतो: व्हेरिफाय फंक्शन शून्य परत देतं म्हणजे सही बरोबर, शून्य नसेल तर एररकडे जा, नाहीतर बूट कर. हे असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या एकेक इन्स्ट्रक्शनच्या रूपात, उघडून बघा. फंक्शन कॉल, मग कंपेअर, मग "समान नसेल तर एररकडे उडी" ही एक ब्रँच, आणि तिच्या लगेच खाली बूट करायचा कोड. ती एक ब्रँच उडवली, म्हणजे ग्लिचने वगळली, की प्रोसेसर सरळ खाली घसरतो आणि खोटं फर्मवेअर बूट करतो. सहीचं गणित कितीही मजबूत असू दे, ते सगळं एका दोन बाइटच्या इन्स्ट्रक्शनवर लटकलेलं आहे. त्यात यश म्हणजे शून्य ठेवलंय, आणि बिघडलेलं रजिस्टर (प्रोसेसरच्या आतला आकडा ठेवायचा कप्पा) शून्य होण्याकडेच झुकतं, म्हणजे हल्लेखोराचं अर्धं काम आपणच केलं. एक्सबॉक्स ३६० चं २०११ चं प्रकरण याच जातीचं होतं, प्रोसेसरचा वेग मुद्दाम खूप कमी केला, रिसेट लाइनवर एक अगदी छोटा पल्स दिला आणि हॅशची (डेटावरून काढलेल्या ठशाची) तुलना करणारं फंक्शन "काही फरक नाही" असं म्हणालं.

म्हणून पहिली दुरुस्ती ही की चूक झाली तर कोड सुरक्षित बाजूला पडला पाहिजे. रिझल्टचं व्हेरिएबल सुरुवातीलाच "नापास" ठेवा, कारण फंक्शन कॉलच उडवला तर रजिस्टरमध्ये आधीचं जे काही असेल ते राहतं. पास आणि नापाससाठी शून्य-एक वापरू नका, ३२ बिटच्या दोन व्हॅल्यू घ्या ज्यांच्यात भरपूर बिट वेगळे आहेत, उदाहरणार्थ हेक्समध्ये ६९६९६९६९ आणि ९६९६९६९६, यांच्यात बत्तीसच्या बत्तीस बिट उलटे आहेत आणि सगळे शून्य किंवा सगळे एक यांच्यापासून दोन्ही सोळा बिट लांब आहेत. कोडची रचना अशी करा की ब्रँच उडाली तर खाली एररचा कोड असेल, बूटचा नाही. आणि एररमध्ये नुसता अनंत लूप टाकून सोडू नका, तो लूप म्हणजे स्वतःकडेच उडी मारणारी एकच इन्स्ट्रक्शन असते, हल्लेखोराकडे वेळच वेळ असतो, आणि एकदा ती उडाली की फ्लॅशमध्ये त्याच्या खाली जे फंक्शन पडलं असेल ते चालायला लागतं. रिसेटची विनंती करा, खाली आणखी काही ट्रॅप (चालताच एररमध्ये नेणाऱ्या) इन्स्ट्रक्शन ठेवा, मग लूप.

नापास म्हणजे काय हे नीट न ठरवल्याने चिप बनवणाऱ्यांचे पण हात पोळलेत. एनएक्सपीच्या जुन्या एलपीसी मालिकेत कोड वाचण्यापासून संरक्षण आहे की नाही हे फ्लॅशमधल्या एका शब्दावर (३२ बिटच्या आकड्यावर) ठरतं, हेक्स १२३४५६७८ म्हणजे पहिली पातळी, ८७६५४३२१ म्हणजे दुसरी, ४३२१८७६५ म्हणजे तिसरी, आणि बाकी कोणतीही व्हॅल्यू म्हणजे चिप उघडी. म्हणजे बूट होताना तो शब्द वाचताना कुठलाही एक बिट चुकला की लॉक गेलं, आणि २०१७ मध्ये ग्लिच करून हे जाहीरपणे दाखवलं गेलं. एसटीएम३२ च्या एफ२ आणि एफ४ मध्ये उलट आहे, हेक्स एए म्हणजे उघडी, सीसी म्हणजे सगळ्यात कडक लेव्हल दोन, बाकी काहीही म्हणजे लेव्हल एक. हे एलपीसीपेक्षा बरं, कारण चुकून पूर्ण उघडत नाही, पण लेव्हल दोनवरून एकवर घसरायला एकच चूक पुरते, आणि लेव्हल एकमध्ये डिबगरने रॅम वाचता येते. २०१८ च्या शेवटी ट्रेझर वन या क्रिप्टोकरन्सीच्या हार्डवेअर वॉलेटमधून सीड (ज्यातून सगळ्या गुप्त किल्ल्या निघतात ते मूळ गुपित) असंच काढून दाखवलं गेलं, कारण तो त्या वेळी रॅममध्ये पडलेला होता. तुमच्यासाठी यातून थेट काम निघतं: रॅममध्ये कुठली की (गुप्त किल्ली) किती वेळ राहते ते शोधा आणि काम झालं की लगेच पुसा.

आता कोड दोनदा तपासण्याबद्दल. हो, तपासा, पण दुसरी तपासणी पहिलीची कॉपी नसावी, एकदा "समान आहे का" आणि एकदा उलट करून "वेगळं नाही ना" असं. व्हेरिएबल व्होलाटाइल करा, म्हणजे कंपायलर त्याचं वाचन गाळत नाही, आणि ऑप्टिमायझेशन चालू असलेल्या रिलीज बिल्डचं डिसअसेंब्ली स्वतः डोळ्यांनी वाचा, दुसरी तपासणी तिथे दिसली नाही तर ती अस्तित्वातच नाही. एमसीयूबूट (एक तयार बूटलोडर) आणि ट्रस्टेड फर्मवेअर-एम (तयार सुरक्षा फर्मवेअर) या दोन्हीत यासाठी तयार हार्डनिंग लायब्ररी आहे, तिच्यात प्रोफाइल असतात आणि बऱ्याच प्रोजेक्टमध्ये ती बंदच राहिलेली असते, ती चालू करणं हे तुमचं आजचं काम. शिवाय एक काउंटर ठेवा, प्रत्येक टप्प्यावर त्यात वेगळा आकडा मिळवा आणि बूटच्या अगदी आधी बेरीज बरोबर येते का बघा, एखादा टप्पा उडवला असेल तर बेरीज चुकते. लूपच्या बाबतीत, ३२ बाइटच्या हॅशची तुलना संपली की काउंटर खरंच ३२ वर पोचला का हे लूपच्या बाहेर परत बघा.

तपासण्यांच्या मध्ये रँडम डिले टाका असं सगळे सांगतात, मीही सांगतो, पण डिलेचा लूपसुद्धा ग्लिचने उडवता येतो, म्हणून तो खरंच पूर्ण झाला का हे पण तपासावं लागतं. आणि डिलेचा उपयोग तेव्हाच जेव्हा हल्लेखोराला दुसरीकडून वेळ कळत नसेल. इथे लोक फार सहज माहिती देऊन टाकतात. यूएआरटीवर (मजकूर बाहेर पाठवणाऱ्या सिरियल वायरवर) "सही तपासत आहे" असा मेसेज छापतात, एलईडी चालू करतात, हे म्हणजे हल्लेखोराला फुकटचा ट्रिगर. तुमच्याकडे तर बाहेरची एसपीआय फ्लॅश आहे, तिच्या चिप सिलेक्ट लाइनवर (फ्लॅशशी बोलताना हलणाऱ्या वायरवर) प्रोब लावला की शेवटचा ब्लॉक कधी वाचला गेला आणि तुलना कधी सुरू होणार हे जवळपास कळतंच. स्टारलिंकच्या यूजर टर्मिनलवर २०२२ मध्ये बेल्जियमच्या ल्यूव्हन विद्यापीठातल्या संशोधकाने जवळपास २५ डॉलरच्या पार्टमधून बनवलेल्या मॉडचिपने (वरून जोडलेल्या छोट्या बोर्डाने) बूट रॉमची (चिपमध्ये कायमच्या कोरलेल्या बूट कोडची) सही तपासणी ग्लिच करून दाखवली, त्यानंतर कंपनीने अपडेटमधून फ्यूज (चिपमधला एकदाच बदलता येणारा स्विच) उडवून यूएआरटीचं आउटपुटच बंद केलं, मूळ दोष सिलिकॉनमध्ये असल्याने जात नाही, पण वेळ पकडणं अवघड झालं. प्रॉडक्शन बिल्डमध्ये बूटलोडरने एक अक्षरही बाहेर सांगू नये.

बाहेरच्या फ्लॅशवरून आणखी एक. फर्मवेअर फ्लॅशमध्ये तपासायचं आणि मग तिथूनच चालवायचं, हे करूच नका, तपासताना खरं आणि चालवताना खोटं दाखवायला ग्लिचही लागत नाही. आधी आतल्या रॅममध्ये किंवा आतल्या फ्लॅशमध्ये कॉपी, मग तिथेच तपासणी, मग तिथूनच चालवणं.

हे सगळं केल्यावर एकट्या ग्लिचने काम होत नाही, दोन-तीन नेमके ग्लिच लागतात. पण दोन ग्लिच मारता येतात, अवघड आहे, अशक्य नाही. म्हणून मला ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त जोर द्यायचाय ती ही की निर्णय शक्य तिथे 'इफ'मधून काढून डेटामध्ये न्या. म्हणजे "सही बरोबर असेल तर चालव" याच्या पुढे जाऊन असं करा की फर्मवेअर बरोबर नसेल तर पुढे लागणारी कीच तयार होणार नाही. डाइस नावाची पद्धत हेच करते. प्रत्येक डिव्हाइसमध्ये एक वेगळं गुपित असतं, बूटच्या पहिल्या कोडशिवाय ते कुणाला वाचता येत नाही, तो कोड पुढच्या फर्मवेअरचा हॅश काढतो, हॅश आणि गुपित मिळून एक नवीन की काढतो, आणि मूळ गुपित पुढच्या रिसेटपर्यंत बंद करतो. आता समजा हल्लेखोराने सही तपासणीची ब्रँच उडवली आणि स्वतःचं फर्मवेअर चालवलं. त्याचा हॅश वेगळा, म्हणून की वेगळी, म्हणून सर्व्हर त्याला ओळखत नाही, त्या कीने एन्क्रिप्ट केलेला स्थानिक डेटाही उघडत नाही. त्याला उडवायला एखादी ब्रँच राहिलीच नाही. तरी दोन जागा उघड्या राहतात, एक म्हणजे गुपित बंद करणारी इन्स्ट्रक्शन, ती लिहून झाल्यावर खरंच बंद झालं का हे वाचून बघा, आणि दुसरी म्हणजे हॅश काढल्यानंतर कोड बदलणं, त्यासाठी वरचा कॉपीचा नियम. फर्मवेअर अपडेट झालं की हॅश बदलतो आणि कीही बदलते, याला घाबरून लोक ही पद्धत सोडतात, पण डिव्हाइसची कायमची ओळख न बदलणाऱ्या पहिल्या बूटलोडरवरून काढा आणि फर्मवेअरवरून निघालेल्या कीला त्या ओळखीने सर्टिफिकेट द्या, मग अपडेटनंतर नवीन सर्टिफिकेट सर्व्हर स्वीकारतो.

सिक्युअर एलिमेंट (की सांभाळणारी वेगळी सुरक्षित चिप) लावायचा विचार असेल तर तोच नियम. मुख्य चिप आयटूसीवर (दोन चिपमधल्या वायरींवर) विचारते "बरोबर आहे का", एलिमेंट म्हणतो "हो", आणि मुख्य चिप परत एका 'इफ'वर येते, तर त्या एलिमेंटचा पैसा वाया. त्याच्याकडून उत्तर नको, की घ्या, म्हणजे ब्रँच उडवून हातात कचराच येईल.

तुमचं उत्पादन लॉक आहे म्हणून एक वेगळी गोष्ट, जी रिपोर्टमध्ये बहुतेक नसेल. दाराच्या बाहेरच्या भागात कीपॅड आणि कंट्रोलर दोन्ही असतील आणि बाहेरचा भाग आतल्या मोटरला फक्त "उघड" असा सिग्नल देत असेल, तर वरचं काहीही केलं तरी उपयोग नाही. पिन तपासायचा निर्णय दाराच्या आतल्या बाजूच्या चिपवर हवा, बाहेरच्याने फक्त दाबलेले आकडे पाठवायचे. लोकांचं घर या वस्तूच्या भरवशावर असतं, त्यामुळे हा मुद्दा बोर्डाचा खर्च वाढतो म्हणून मागे टाकू नका. आणि कुठलीही की सगळ्या लॉकमध्ये सारखी नको. हल्लेखोर तुमचंच लॉक विकत घेतो, घरी निवांत बसून त्यावर हजारो ग्लिच मारतो, दोन-चार चिप जाळतो, त्याला काही फरक पडत नाही. त्याला त्यातून फक्त त्याच लॉकची की मिळाली तर नुकसान तिथेच थांबतं, सगळ्यांची मिळाली तर तुमचं पूर्ण उत्पादनच गेलं. अपडेट तपासायला पब्लिक कीची सही वापरा, म्हणजे त्या कामासाठी डिव्हाइसमध्ये चोरण्यासारखं काही नसतंच.

डिव्हाइस स्वतः सही करत असेल तर तिथेही लक्ष द्या. आरएसए ही सही सीआरटी पद्धतीने (गणित दोन भागांत करून वेग वाढवायच्या युक्तीने) करत असाल तर एकच बिघडलेली सही आणि एक जीसीडी (मसावि) एवढ्यावर प्रायव्हेट की निघते, हे १९९७ पासून छापील आहे. सही बाहेर पाठवायच्या आधी ती पब्लिक कीने तपासून घ्या. डिटरमिनिस्टिक (एका मेसेजला नेहमी तीच सही देणाऱ्या) ईसीडीएसए किंवा एडडीएसए या सही पद्धतींमध्ये एकाच मेसेजवर एक बरोबर आणि एक बिघडलेली सही मिळाली तरी की निघू शकते, म्हणून नॉन्समध्ये (प्रत्येक सहीसाठीच्या गुप्त आकड्यात) थोडं रँडम मिसळणारा प्रकार घ्या. एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीत शेवटच्या काही राउंडमध्ये फॉल्ट घातला तर दोन बिघडलेल्या सायफरटेक्स्टवरून (एन्क्रिप्ट झालेल्या डेटावरून) पूर्ण की काढता येते हे २००३ मध्ये दाखवलंय, तिथे उलट डिक्रिप्ट करून जुळतं का बघणं हा साधा उपाय.

लांबीचे आकडे पण विसरू नका. यूएसबी किंवा बीएलईवर (ब्लूटूथवर) किती बाइट परत पाठवायचे हे मर्यादित करणारी एक तुलना असते, ती उडवली की डिव्हाइस बफरच्या पुढची मेमरी ओकतं. २०१९ मध्ये हे बाहेरून इलेक्ट्रोमॅग्नेटिक पल्स देऊन, केस न उघडता दाखवलं गेलं. एमपीयूने (मेमरीचा कुठला भाग वाचता येईल हे ठरवणाऱ्या हार्डवेअरने) बफरनंतरचा भाग वाचायला बंद करा, म्हणजे तुलना उडाली तरी हार्डवेअर अडवेल.

हार्डवेअरवर थोडक्यात. ब्राउनआउट डिटेक्टरवर (व्होल्टेज पडलं की चिप रिसेट करणाऱ्या सर्किटवर) विसंबू नका, तो इतके छोटे ग्लिच बघायला फार संथ असतो, पण सगळ्यात वरच्या लेव्हलवर ठेवा. बूट आतल्या ऑसिलेटरवर करा म्हणजे बाहेरून क्लॉक ग्लिचचा मार्ग बंद. शक्य असेल तर कोअर सप्लायचा पिन बाजूने उघडा पडणार नाही असं पॅकेज घ्या. इपॉक्सीने दोन तास जास्त लागतात, इलेक्ट्रोमॅग्नेटिक पल्स त्यातून आरामात जातो. चिपमध्येच ग्लिच डिटेक्टर असेल तर चालू करा, पण तेच शेवटचं मानू नका, रास्पबेरी पायने आरपी२३५० या चिपमध्ये ग्लिच डिटेक्टर आणि दुहेरी तपासणी करणारा कोप्रोसेसर ठेवून २०२४ मध्ये लोकांना बक्षीस लावून तोडायला बोलावलं आणि २०२५ च्या सुरुवातीला अनेक वेगवेगळ्या मार्गांनी ती तुटल्याचं स्वतः जाहीर केलं. असं उघडपणे करणारी कंपनी मला गप्प राहणाऱ्यांपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

चिप बदलायची वेळ कधी? तुमचा कोड सुरू होण्याआधीच बूट रॉममध्ये किंवा चिपच्या हार्डवेअरमध्ये डिबग लॉकचा निर्णय होतो आणि तो ग्लिच होतो हे माहीत असेल तेव्हा, कारण तिथे तुमचा हात पोचत नाही. एनआरएफ५२ चं लॉक २०२० मध्ये असंच तुटलं, नवीन रिव्हिजनमध्ये रिसेटनंतर पोर्ट आपोआप बंद असतो आणि उघडायला फर्मवेअरनेही परवानगी द्यावी लागते. ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरमध्येही २०१९ नंतर नवीन रिव्हिजन आली. म्हणजे कधीकधी फक्त त्याच चिपची नवीन रिव्हिजन मागवून काम होतं, खरेदीच्या ऑर्डरवर रिव्हिजन लिहा. सर्टिफिकेट बघत असाल तर पीएसए सर्टिफाइड या चिपच्या सुरक्षेच्या प्रमाणपत्र योजनेत लेव्हल दोनमध्ये फिजिकल हल्ले येत नाहीत, ते लेव्हल तीनपासून येतात.

प्रयत्न मोजणारा काउंटर ठेवा, कारण ग्लिच करणारा शेकडो-हजारो वेळा रिसेट करतो. पण काउंटर तपासणीच्या आधी वाढवा आणि यशानंतर शून्य करा, नंतर वाढवलात तर फ्लॅशमध्ये लिहिताना वाढलेला करंट बघून तो पॉवरच काढून घेतो. आणि एका संशयावर चिप कायमची मारू नका, बॅटरी मरायला आली किंवा कुणी स्टॅटिक लागलेला हात लावला तरी तसं दिसतं आणि माणूस दाराबाहेर अडकतो. आधी उशीर वाढवा, मग बऱ्याच वेळा झालं तरच की पुसा.

शेवटी चाचणी. महाग उपकरण घ्यायच्या आधी सिम्युलेशन करा: बूटलोडर युनिकॉर्न किंवा क्यूईएमयूवर (प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) खोट्या सहीच्या इमेजसह चालवा, प्रत्येक रनमध्ये एकेक इन्स्ट्रक्शन वगळा आणि कुठल्या रनमध्ये बूट होतं ते बघा. हे सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांमध्ये) टाका, म्हणजे पुढच्या कंपायलर अपडेटने दुसरी तपासणी काढून टाकली तर त्याच दिवशी कळेल. मग चिपव्हिस्परर किंवा पिकोईएमपी (ग्लिच मारायची उपकरणं) घेऊन खऱ्या बोर्डवर, आधी नुसता मोजणारा लूप चालवून कुठल्या व्होल्टेजला आणि किती रुंदीच्या पल्सला आकडा चुकतो ते शोधा, मग तेच पॅरामीटर बूटलोडरवर. ऑडिटवाल्यांना परत पाठवताना "हार्डनिंग केलं" एवढंच लिहू नका, एक इन्स्ट्रक्शन वगळण्याच्या सगळ्या केस पास आहेत, दोन वगळण्याच्या कुठल्या जोड्या अजून उघड्या आहेत, खऱ्या बोर्डवर कुठल्या रेंजमध्ये ग्लिच मारून बघितला, आणि चिप उघडून लेझर मारणाऱ्यापासून संरक्षण देत नाही पण त्याच्या हाती एकाच लॉकची की लागेल, असं स्पष्ट लिहा.